शेवटची पाच मिनिटं: पेसर्सच्या सीझनचा तक्ता, मुक्काम सांगली

16 एप्रिल 2025

साखळी सामने संपले. एनबीएतले, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधले, इंडियाना पेसर्स 50 विजय, 32 पराभव, पूर्व विभागात चौथे. शनिवारपासून प्लेऑफ, समोर मिलवॉकी बक्स. आजपासून ही वही.

काम काय ते आधीच लिहून ठेवतो, नाहीतर मे उजाडेपर्यंत गाडी भलतीकडेच जाईल. पेसर्सच्या प्रत्येक प्लेऑफ मॅचची शेवटची पाच मिनिटं लिहून काढायची. बॉल कुणी आणला, कुणी टाकला, कुणी घालवला, तेव्हा घड्याळात किती उरलं होतं. त्यावरून एक मोठा तक्ता करायचा आणि कोर्टाशेजारच्या सामानाच्या खोलीत लावायचा. हे सगळं मी कोर्टावर शिकवतो त्या पोरांपायी. मॅचमध्ये दोन मिनिटं उरली की प्रत्येकाला आपणच लांबून थ्री, म्हणजे लाइनीबाहेरून तीन पॉइंटचा शॉट, टाकायचा असतो. चार जण उभे राहून बघतात, पाचवा फेकतो. मोबाईलवर पंधरा सेकंदांची क्लिप बघून शिकलेलं बास्केटबॉल हे असंच असणार. त्या क्लिपच्या आधी काय काय झालं, ते भिंतीवर लिहून दाखवल्याशिवाय डोक्यात शिरायचं नाही.

पेसर्सच का, हा प्रश्न विश्रामबागेपासून मार्केट यार्डापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. स्मृती मानधनाच्या गावात क्रिकेट सोडून दुसरं काही बघणाऱ्याला कारण द्यावंच लागतं. 2019 च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या भारतातल्या पहिल्या दोन मॅच झाल्या, पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. पहिली पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, 132-131 अशी काढली, दुसरी 130-106. दुसरीला मी होतो. लेकर्सचा किंवा वॉरियर्सचा चाहता व्हायला फार काही लागत नाही, पण जो संघ आपल्या राज्यात येऊन खेळून गेला तो आपला, असा माझा साधा हिशेब. त्या वेळचे मायल्स टर्नर आणि टी. जे. मॅककॉनेल अजून संघात आहेत. सबोनिस मात्र 2022 मध्ये त्याच किंग्जकडे गेला आणि बदल्यात टायरीस हॅलिबर्टन आला.

या सीझनची सुरुवात बघवत नव्हती. पहिल्याच मॅचला जेम्स वाइजमनच्या टाचेमागची शीर तुटली, ती अकिलीस म्हणतात ती. दहा दिवसांच्या आत आयझया जॅक्सनचीही तीच. दोन्ही राखीव सेंटर, म्हणजे रिंगखालचे उंच गडी, वर्षभरासाठी घरी. 25 मॅच झाल्या तेव्हा 10 जिंकलेल्या, 15 हरलेल्या. तिथून पुढे 40-17. हा फरक का पडला, तेच शोधायचंय.

20 एप्रिल

पहिली मॅच 117-98. लिहिण्यासारखं शेवटी काही उरलंच नव्हतं, म्हणून नियम पक्के करण्यात वेळ घातला.

एनबीएच्या आकडेवारीत 'क्लच' म्हणजे शेवटची पाच मिनिटं आणि फरक पाच पॉइंट किंवा कमी. मी वेळेची अट ठेवली, फरकाची काढून टाकली. बारानं मागे असलेला संघ पाचावर कसा आला, तेच तर मला बघायचंय. त्यांची मोजणी सुरू होते तोवर निम्मं काम उरकलेलं असतं.

रकाने सहा: वेळ, फरक, कोर्टावर कोण कोण, बॉल कुणी आणला, शेवट कशात झाला, समोरच्यांनी बॉल घालवला असेल तर कसा. हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहून पोट भरतो, त्यामुळे तक्ता आखायला कुणाची मदत लागत नाही. मॅच लाइव्ह जमली तर पहाटे, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर रिप्ले. नंतर एनबीएच्या साइटवरच्या खेळीनिहाय नोंदीशी ताडून बघायचं. रिप्लेच्या दिवशी कोर्टावर कुणी स्कोअर सांगितला तर त्यानं दहा जोर मारायचे, हा दंड पोरांना कळवलाय.

30 एप्रिल, अक्षय्य तृतीया

बक्स गारद, 4-1. सातपैकी चार आधी जिंकेल तो पुढे. आजच्या मॅचची पाच मिनिटं लिहायला मॅचपेक्षा जास्त वेळ लागला.

ओव्हरटाइम. 40 सेकंद उरलेले, बक्स 118-111 पुढे. सात पॉइंट. पेसर्सच्या नेम्बहार्डचा थ्री. मग बक्सच्या हातून बॉल गेला, हॅलिबर्टनची बास्केट आणि वर फाउलचा पॉइंट. फरक एकाचा. बक्सनी पुन्हा बॉल घालवला, या वेळी साधा पास हातातून निसटून बाहेर. शेवटी हॅलिबर्टन बक्सच्या यानिस आंतेतोकुंपोच्या बाजूनं घुसला आणि लेअप, म्हणजे रिंगपाशी जाऊन हलकेच सोडलेला बॉल. 119-118, घड्याळात सव्वाएक सेकंद.

तक्त्यात मी सहावा रकाना लाल पेननं भरला. बघणाऱ्याला लेअप दिसतो. लिहिणाऱ्याला दिसतं की 40 सेकंदांत बक्सच्या हातून दोनदा बॉल गेला. पाच मिनिटं जादा खेळून झाल्यावर पाय जड झाले की हातही सैल पडतात.

याच महिन्यात 'द ॲथलेटिक'नं खेळाडूंची निनावी मतं घेतली होती आणि लीगमधला सगळ्यात फुगवलेला खेळाडू म्हणून हॅलिबर्टनला सर्वांत जास्त मतं पडली. कारण मला कळतं. त्याचा शॉट बघायला विचित्र आहे, बॉल छातीपासून ढकलल्यासारखा सुटतो. अंगात आव नाही. पण सीझनभरात मॅचमागे 9.2 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला बास्केट करून देणारे पास, आणि फक्त 1.6 वेळा बॉल घालवला, हे मतं देणाऱ्यांनी बघितलेलं दिसत नाही.

मॅच संपल्यावर त्याच्या वडिलांनी कोर्टावर जाऊन यानिसच्या तोंडासमोर पोराचा फोटो असलेला टॉवेल नाचवला. संघानं त्यांना काही मॅच येऊ नका म्हणून सांगितलं. बरोबर केलं. आमच्याकडे तालुका पातळीच्या मॅचला असे वडील दर वर्षी एखादा तरी असतो, त्याला बाहेर काढायची हिंमत मात्र कुणात नसते.

एक नोंद बाजूला: चौथ्या मॅचमध्ये बक्सच्या डेमियन लिलार्डचीही अकिलीस तुटली. या सीझनला या शिरेनं पछाडलंय.

सणाचा आमरस दुपारी चार वाजता मिळाला. घरचे बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

7 मे

क्लीव्हलँड, दुसरी मॅच. साखळीत 64 जिंकलेला संघ, त्यांच्याच घरी. त्यांचे गारलंड, मोबली आणि हंटर दुखापतीमुळे बाहेर होते, हे लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर तक्ता खोटा पडेल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे मॅचच्या चारपैकी तिसऱ्या भागात, पेसर्स वीसनं मागे. शेवटच्या मिनिटात सातनं मागे. हॅलिबर्टन फ्री थ्रोच्या लाइनवर, दुसरा चुकला, आणि स्वतःचाच रिबाउंड, म्हणजे चुकून परत आलेला बॉल, त्यानंच उचलला. बॉल घेऊन मागे आला आणि थ्री. 120-119, 1.1 सेकंद.

यातली लिहिण्यासारखी गोष्ट तो रिबाउंड. फ्री थ्रो टाकणारा सगळ्यात लांब उभा असतो. दोन्ही बाजूंना समोरचे उंच गडी जागा धरून असतात. त्यांनी आडवं उभं राहून त्याला अडवायचं, हे आम्ही सातवीच्या पोरांना शिकवतो. कुणीच अडवलं नाही.

फोन ठेवून बातम्या उघडल्या तर रात्रीच्या ऑपरेशन सिंदूरच्या. मग दिवसभर अडतीत, चहाच्या गाड्यावर, सगळीकडे तेवढंच. मॅचबद्दल बोलायचा आज दिवस नव्हता. नोंद तेवढी केली.

14 मे

क्लीव्हलँड 4-1. शेवटची मॅच 114-105.

संध्याकाळी आबा कोर्टावर आले. आबा कवठेपिरानचे, म्हणजे हिंदकेसरी मारुती माने यांच्या गावचे. तरुणपणी कुंडलच्या मैदानात लढलेले. बास्केटबॉलमधलं त्यांना रिंग सोडून काही माहीत नाही, पण रोज बाकावर बसून पोरांचे पाय बघतात आणि कुणाचा गुडघा धरणार ते आधी सांगतात. अर्धवट झालेला तक्ता त्यांनी हातात घेतला.

"ह्यात उंच कोण हाय?"

"तसं फार कुणी नाही, आबा. मोठं नावही नाही. नव्या खेळाडूंची निवड होते त्या ड्राफ्टमध्ये सियाकम 27 वा निवडलेला, नेम्बहार्ड 31 वा. मॅककॉनेलला तर ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं."

"मग जिंकत्यात कशावर?"

"पळवतात. समोरच्यांनी बास्केट केली तरी जाळीतनं बॉल काढून लगेच पळतात. दहा-दहा जण खेळवतात, ताजा गडी सतत आत."

"मग दम म्हण की. पैल्यांदा नुसतं झोंबत ऱ्हायचं. समोरच्याचं तोंड उघडलं की डाव टाकायचा. डाव काय रं, समद्यास्नीच येत्यात."

मी जे तीन आठवडे रकाने आखून शोधत होतो ते आबांनी बाकावरून सांगितलं. तक्त्याच्या डोक्यावर आता तेच लिहिणार आहे: समोरच्याचं तोंड कधी उघडलं? म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांआधीचंही थोडं बघावं लागणार. काम वाढलं.

22 मे

रात्री वळीव झोडपून गेला, पहाटे लाइट नाही. मोबाईलच्या बॅटरीवर आणि शेजारच्या मुलाच्या पॉवर बँकेवर मॅच बघितली. न्यूयॉर्क निक्स, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पूर्व विभागाची फायनल, पहिली मॅच.

तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला आणि पेसर्स 14 नं मागे. निक्सचा ब्रन्सन त्या रात्री 43 मारणार होता. गार्डनमधले लोक उभे राहून नाचत होते. मी वहीत 'निक्स' लिहून पेन बंद करायला घेतलं होतं.

मग आरॉन नेस्मिथ. चौथ्या क्वार्टरमध्ये सहा थ्री. हा 2022 मध्ये बॉस्टनकडून आलेला, तिथं बाकावर बसून असायचा. रिप्ले थांबवत थांबवत बघितला तर प्रत्येक थ्रीच्या वेळी त्याच्यावरचा निक्सचा गडी एक पाऊल उशिरा पोचतोय. एकाच्या हाताची उंची पुरते, पाय पुरत नाहीत. दुसरा मान वळवून बॉल शोधतोय तोवर नेस्मिथ कोपऱ्यातून वर सरकलेला. पास येतो तेव्हा त्याचे पाय आधीच रिंगकडे वळलेले असतात, हात वर, बोटं पसरलेली. बॉल घेऊन खाली आणायचा, मग वर न्यायचा, असला प्रकार नाही. आमच्या डावखुऱ्याला ही एवढीच गोष्ट आठ दिवस बघत बसायला सांगणार आहे.

शेवटच्या काही सेकंदांत निक्सचे टाउन्स आणि अनुनोबी, दोघांनीही दोनपैकी एकेक फ्री थ्रो सोडला. मग हॅलिबर्टन. आत घुसला, गडबडला, परत मागे पळत आला आणि टाकला. बॉल रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बोर्डाच्याही वर उडाला आणि सरळ जाळीत पडला. त्यानं लगेच गळ्याला हात लावून पेसर्सच्या जुन्या रेजी मिलरची ती 1994 ची, समोरच्यांचा श्वास कोंडला अशी, खूण केली, याच गार्डनमधली. मिलर स्वतः तिथं समालोचन करत बसलेला. मग पंचांनी बघितलं तर पायाचं बोट लाइनीवर. थ्री नाही, दोनच. 125-125. गळा धरून झाला आणि मॅच अजून बाकी! ओव्हरटाइममध्ये 138-135 जिंकले म्हणून ती खूण शोभली.

आता फरकाची अट का काढली ते सांगतो. एनबीएच्या व्याख्येनं मोजलं तर नेस्मिथचे सुरुवातीचे थ्री 'क्लच' नाहीतच. तोवर फरक पाचाच्या वर होता. आणि खरी मॅच तिथंच फिरली.

26 मे

दुसरी मॅच जिंकलो होतो, सियाकम 39. आजची घरी हरलो, 100-106. वीसनं पुढे असताना. टाउन्सनं चौथ्या क्वार्टरमध्ये एकट्यानं 20 मारले. तक्त्यात हाही लिहिला, शाई बदलून. आपला तेवढा लिहायचा आणि दुसऱ्याचा सोडायचा, असा हिशेब अडतीत चालत नाही.

पाऊस थांबत नाही. मे महिन्यात कोर्टावर घोटाभर पाणी कधी बघितलं नव्हतं. मान्सून आजच मुंबईत पोचल्याचं सांगतायत. तक्त्याचा कार्डशीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर टाकला.

28 मे

हॅलिबर्टन: 32 पॉइंट, 12 रिबाउंड, 15 असिस्ट. बॉल घालवला: शून्य वेळा. प्लेऑफमध्ये असा आकडा याआधी कुणाच्याच नावावर नव्हता. पेसर्स 130-121, मालिका 3-1.

कोर्ट ओलं म्हणून पोरांना शेडमध्ये बसवून चौथा क्वार्टर दाखवला. अकरावीतल्या एकानं विचारलं, "दादा, शून्य म्हणजे एकदा पण नाही?" एकदाही नाही. मग शेडमध्येच पासचा खेळ लावला. ड्रिबल बंद, बॉल हातात दोन सेकंदांवर ठेवायचा नाही, ज्याच्याकडून गेला तो बाहेर. पहिल्या फेऱ्या बघवत नव्हत्या. नंतर पोरं एकमेकांवर ओरडून बॉल मागायला लागली. बोलत खेळणं आमच्याकडे उद्धटपणा समजतात, ती सवय मोडायला हवी होतीच.

1 जून

फायनल! 125-108. 2000 नंतर, म्हणजे 25 वर्षांनी. त्या वेळी मिलर होता, लेकर्सनी 4-2 हरवलं होतं. सियाकम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. कॅमेरूनचा मुलगा, लहानपणी धर्मगुरू होण्यासाठी शाळेत घातलेला, बास्केटबॉल उशिराच हाती लागलं. पुढे ओक्लाहोमा सिटी थंडर. साखळीत 68 जिंकलेला संघ.

6 जून

शिवराज्याभिषेक दिन. सकाळी सहाला मॅच सुरू झाली आणि बाहेर ढोल लागले. दोन्ही आवाज एकत्र.

पहिल्या अर्ध्यात पेसर्सनी 19 वेळा बॉल घालवला. एकोणीस. पूर्ण मॅचमध्ये 25. माझ्या सगळ्या सिद्धांतावर पाणी. चौथ्या क्वार्टरमध्ये 15 नं मागे. आणि तरी शेवटी हॅलिबर्टननं थंडरच्या केसन वॉलेसवरून लांबचा टूचा शॉट मारला, 0.3 सेकंद उरले असताना. 111-110. पूर्ण मॅचमध्ये पेसर्स पुढे होते ते फक्त तेवढ्याच वेळापुरते.

पेसर्सचा कोच रिक कार्लाइल, त्याच्याकडे टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून बोलायची मुभा, शिल्लक होता. त्यानं घेतला नाही. हे मला त्या शॉटपेक्षा जास्त आवडलं. टाइमआउट घेतला असता तर थंडरला बचाव नीट लावायला, दम घ्यायला वेळ मिळाला असता. बॉल हातात आला आणि पळाले. आमच्याकडचा प्रत्येक कोच, मी धरून, तिथं हाताचा टी करून ओरडला असता.

12 जून

तिसरी मॅच, घरी, 116-107. बाकावरच्यांचे पॉइंट पेसर्स 49, थंडर 18. पेसर्सचा मॅथुरिन 27. पण आजची नोंद मॅककॉनेलची. 10 पॉइंट, 5 असिस्ट, 5 स्टील, म्हणजे समोरच्याकडून चोरलेले बॉल. फायनलमध्ये बाकावरून येऊन असं कुणी केलेलं नव्हतं.

सहा फूट एक इंच. एनबीएत हा बुटकाच. याची चोरी कशी चालते ते तीनदा बघून लिहिलं. पेसर्सची बास्केट होते. सगळे आपल्या बाजूला परत पळायला लागतात. मॅककॉनेलही वळतो, दोन पावलं टाकतो, मान खाली. समोरचा बॉल उचलून बाहेरच्या लाइनीमागे जातो आणि जवळच्या साथीदाराला सवयीनं, न बघता, हलकासा पास देतो. तेवढ्यात मॅककॉनेल वळून मधे. बॉल हातात, रिंग दोन पावलांवर. हे कोपऱ्यात लपून चाललेलं नाही, हजारो लोकांसमोर, आणि तरी दर वेळी फसतात, कारण थकलेला माणूस सोपं काम करताना बघत नाही.

संध्याकाळी कोर्ट वाळलं होतं. पोरांना सांगितलं नव्हतं, क्लिप त्यांनी आधीच बघितलेली. पहिल्याच डावात दोघांनी तो प्रकार करून बघितला, एकाला फाउल लागला, दुसऱ्याचा जमला. आमच्यातला सगळ्यात बुटका पोरगा. त्याला कुणी आधी टीममध्ये घेत नसे.

मालिका 2-1. आज मी भडंग वाटलं.

14 जून

वाटायला नको होतं.

तीन क्वार्टर संपले तेव्हा 87-80 पुढे. चौथा क्वार्टर 17-31. हरलो 104-111. थंडरचा शाई गिल्जस-अलेक्झांडर 35, त्यातले 15 शेवटच्या पाच मिनिटांच्या आत. माझ्याच रकान्यांत, माझ्याच नियमानं, सगळं उलटं लिहावं लागलं. या वेळी पाऊल उशिरा पडत होतं ते पेसर्सचं.

थंडरकडेही आठ-नऊ ताजे गडी आहेत. डॉर्ट आणि करुसो हॅलिबर्टनला अर्ध्या कोर्टापासूनच चिकटतात. त्याला बॉल मिळेपर्यंतच दमवतात. बक्स, क्लीव्हलँड, निक्स, तिघांवर जे औषध चाललं ते या संघाला रोजचं आहे. आबांना सांगितलं तर म्हणाले, "आता जोड लागली." त्यांना आनंद झाल्यासारखा वाटला. कुस्तीवाल्यांना निकालापेक्षा जोडीचं कौतुक जास्त.

17 जून

109-120. थंडरचा जेलन विल्यम्स 40. हॅलिबर्टनची पोटरी दुखावलेली, एकही शॉट पडला नाही. 2-3.

20 जून

108-91. तक्त्यात आज काहीच नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये थंडरनी मुख्य गडी बसवूनच टाकले, शेवटची पाच मिनिटं दोन्ही बाजूंची राखीव पोरं खेळली. पेसर्सचा टॉपिन बाकावरून येऊन 20. हॅलिबर्टन पोटरी बांधून खेळला, थोडाच वेळ, पण नीट.

एमआरआय वगैरे बातम्या वाचल्यावर वाटतं याला बसवायला पाहिजे होतं. दुसऱ्या बाजूनं, सातवी मॅच आयुष्यात किती वेळा येते? 25 वर्षांनी फायनल आलेल्या संघाला हे विचारायलाही नको. आमच्या पोरांपैकी कुणी असता तर मी बसवलं असतं. हे मी मॅचच्या आधी लिहून ठेवतोय.

23 जून

सोमवार, साडेपाचची मॅच. दुकानात उशिरा येतो म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं.

हॅलिबर्टननं पहिल्या सात मिनिटांत तीन थ्री मारले. नऊ पॉइंट. मग डावीकडून निघताना कुणाचा धक्का नाही, काही नाही, उजवा पाय मागे राहिला आणि तो पालथा पडला. हातानं जमीन बडवत होता. मला पुढं कुणी सांगायची गरज नव्हती. अकिलीस.

तरीही अर्ध्याला 48-47 पुढे. त्या क्वार्टरभरात जे खेळले त्याला तोड नाही. तिसरा क्वार्टर 20-34 गेला, तिथंच मॅच संपली. मॅककॉनेल एकटा खिंड लढवत होता. मॅथुरिननं मारत-पडत 24 केले. निकाल 91-103. थंडर विजेते, गिल्जस-अलेक्झांडर फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. तेच चांगले होते, यात वाद नाही.

शेवटची पाच मिनिटं लिहिली. तक्ता पूर्ण करायचा म्हणून लिहिली. बॉल आणणारा म्हणून त्या रकान्यात पहिल्यांदाच हॅलिबर्टनचं नाव एकदाही नाही.

29 जून

रविवार. तक्ता लावला. दोन कार्डशीट जोडून, वरून लॅमिनेशन. विजयाची शाई निळी, पराभवाची काळी, समोरच्यांनी घालवलेला बॉल लाल. लांबून बघितलं तर लाल खुणा एप्रिल-मेच्या पट्ट्यात दाट आहेत आणि जूनमध्ये विरळ. हेच दाखवायचं होतं, आणि हे कुणी समजावून न सांगता दिसतं. डावखुऱ्यानं खाली पेन्सिलनं 'रेफरीनं खाल्ली' असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. सातव्या मॅचमध्ये रेफरीचा काही संबंध नव्हता.

पालकांपैकी एकानं विचारलं, हरलेल्या संघाचा तक्ता कशाला? उत्तर दिलं नाही. त्यांचा मुलगा तक्त्यासमोर उभा राहून मॅककॉनेलची ओळ वाचत होता.

8 जुलै

दोन बातम्या आठवड्याभरात. मायल्स टर्नर गेला, तोही मिलवॉकीला. दहा वर्षं एका संघात काढून, ज्यांना एप्रिलमध्ये हरवलं त्यांच्याकडे. लिलार्डला मोकळं करून त्यांनी याच्यासाठी जागा केली. पैशाचा व्यवहार म्हणून समजतो, त्यात राग धरण्यासारखं काही नाही, पण वरळीत बघितलेल्यांपैकी आता एकटा मॅककॉनेल उरला. दुसरी बातमी अपेक्षितच होती, हॅलिबर्टन 2025-26 चा पूर्ण सीझन बाहेर. घाई करणार नाही असं संघानं जाहीर केलं. हे बरं केलं.

म्हणजे पुढच्या वर्षी हा संघ बराच हरणार. पोरांपैकी दोघांनी आत्ताच थंडर धरलाय. धरू देत.

ऑक्टोबरला नवी वही काढणार, पण रकाने बदलून. सातवी मॅच तिसऱ्या क्वार्टरमध्ये गेली, म्हणून या वेळी तिसऱ्या क्वार्टरची पहिली सहा मिनिटं लिहायची. बॉल बहुतेक नेम्बहार्ड आणेल. त्याच्यासाठी एक रकाना वेगळा ठेवतो: अर्ध्या कोर्टाच्या लाइनीवर त्याच्या अंगावर किती जण येतात. कार्डशीट राममंदिर चौकातून आणायचे आहेत, या वेळी तीन.